मानेला भाषांतर लागत नाही

१ मार्च, शुक्रवार

आज माझ्या दारावरची पाटी बदलली. बावीस वर्षं तिथे 'संस्कृती, उत्सव व भगिनी-शहरे' असं लिहिलेलं होतं. आता 'स्टार्टअप इकोसिस्टीमचा जागतिक प्रसार' असं आहे. पाटी नवी, खिळे जुने, त्यामुळे ती डावीकडे कलली आहे. खोली तीच, रेडिएटर तोच, आणि कपाटात ब्रास बँड स्पर्धांचे अठरा करंडकही तेच.

महापौर तोपुझोव सकाळीच आले. लाल-पांढऱ्या दोऱ्यांनी मनगट भरलेलं होतं. दर पहिल्या मार्चला अर्धं बेलोब्रेग शहर त्यांना वसंताचे दोरे बांधतं, निवडणुकीच्या वर्षी उरलेलं अर्धंही.

"रादोस्वेताबाई, इकोसिस्टीम म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"तळं, बेडूक, बगळा," मी म्हटलं. शाळेत असंच शिकवलं होतं.

"अगदी बरोबर! बेडूक म्हणजे आपली पोरं आणि बगळा म्हणजे गुंतवणूकदार."

बगळा बेडकाचं काय करतो, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही.

मुद्दा असा की जुन्या तंबाखूच्या गोदामात आठ छोट्या कंपन्या तीन वर्षं बिनभाड्यानं बसल्या आहेत आणि ही तीन वर्षं एप्रिलअखेर संपतात. शेजारच्या कामेन्ग्राद शहरातल्या एका फर्निचरवाल्याला ते गोदाम हवं आहे, आणि नगरसभेतले निम्मे सभासद त्याच्याच सोफ्यावर बसून टीव्ही बघतात. आता युरोपातल्या लहान शहरांच्या एका संघानं स्पर्धा काढली आहे. नव्वद सेकंदांची फिल्म करायची, पण त्यात बोललेला एकही शब्द नको, म्हणजे ती जगात कुणालाही कळावी. जे शहर निवडतील तिथे त्यांचे गुंतवणूकदार भेट द्यायला येणार. ते आले तर गोदाम वाचेल, नाही आले तर तिथे सोफे लागतील. जमेल का, असं तोपुझोवनी विचारलं. मी मान डावी-उजवीकडे हलवून हो म्हणून मोकळी झाले. विचार नंतर केला.

एक नोंद करून ठेवते. माझ्या मुलीची, रालित्साची, कंपनी याच गोदामात आहे हा निव्वळ योगायोग आहे. ती तिथे नसती तरी मी इतक्याच तळमळीनं काम केलं असतं.

५ मार्च, मंगळवार

गोदाम पाहून आले. अजून तंबाखूचा वास येतो. मुलं म्हणतात त्यामुळे डोकं चालतं.

बोंचोकाका भेटले. वय सहासष्ट, ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला, आता स्टार्टअप. मिरच्या भाजायचं यंत्र त्यांनी मोबाइलला जोडलं आहे. म्हणजे तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर बसून घरच्या बाल्कनीत मिरची भाजू शकता.

"आणि काका, मिरची आत घालणार कोण?"

"ते दुसऱ्या टप्प्यात," काका म्हणाले.

रालित्सानं मला पाहुण्यासारखं सगळं दाखवलं. तिचा डबा काडेपेटीएवढा आहे. पोळ्याच्या पेटीत ठेवला की तो मधमाश्यांची गुणगुण ऐकतो आणि मधपाळाला मोबाइलवर कळवतो, राणी आजारी आहे, किंवा माश्या उडून जायच्या बेतात आहेत.

"जायच्या आधी आठवडाभर त्यांचा आवाज बदलतो," ती सांगत होती. "कान देऊन ऐकलं तर कळतं."

"माणसांसाठी नाही का करत असा डबा?" मी म्हटलं.

ती हसली नाही. मी गमतीनंच म्हटलं होतं. तिचे वडील सहा महिन्यांसाठी स्पेनला संत्री तोडायला गेले त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि ती स्वतः सहा वर्षं उत्रेख्तला, डच लोकांत, राहून दोन वर्षांपूर्वी परत आली. आमच्या घरातल्या माणसांचा आवाज जाण्याआधी बदलत नाही, ते सरळ जातात.

तिच्या टेबलावर एक पत्र उघडं पडलं होतं. मी वाचलं नाही. वर 'उत्रेख्त' लिहिलेलं होतं आणि खाली एक मे ही तारीख होती, इतकंच दिसलं.

८ मार्च, शुक्रवार

महिला दिन. कचेरीत सगळ्या बायकांना एकेक कार्नेशन मिळालं, संध्याकाळी राली पिवळे ट्युलिप घेऊन जेवायला आली. मी बनित्सा, म्हणजे चीज भरलेली थरांची पोळी, भाजली होती. चीज जास्त घातलं होतं, तिला आवडतं तसं. दोन तुकडे संपल्यावर विचारलं, अजून एक? तिचं तोंड भरलेलं होतं. तिनं मान हलवली, डावी-उजवी. मी तिसरा वाढला.

"आई! नको म्हटलं ना!"

"मग मान का हलवलीस?"

"नको म्हणूनच हलवली."

"नको असेल तर मान वर करायची आणि जिभेनं टक् करायचं. चमच्यानं दूध पीत होतीस तेव्हापासून येतं तुला."

"सहा वर्षं तिकडे राहिले गं. मान गोंधळते माझी. कधी तिकडची होते, कधी इकडची."

डच लोकांचं सगळंच उलटं. समुद्राच्या पातळीखाली घरं बांधतात आणि कच्चा मासा शेपटीला धरून खातात. मानेच्या बाबतीतही त्यांना वेगळं काहीतरी करून दाखवायचं असणारच. बाकीचं जग असं नाही. मी स्वतः ब्रास बँड घेऊन दोनदा परदेशी जाऊन आले आहे, एकदा अल्बानियाला, एकदा ग्रीसला. दोन्हीकडे आपली मान त्यांना कळली आणि त्यांची आपल्याला.

आणि भांडी घासताना लख्ख सुचलं! तोंडात घास असला तरी माणूस मनातलं सांगतोच की! मानेनं सांगतो! फिल्ममध्ये शब्द नकोत ना? मग पडद्यावर फक्त प्रश्न लिहायचे, सहा भाषांत, आणि बेलोब्रेगच्या लोकांनी मानेनं उत्तर द्यायचं. हात ओले असताना नाचले मी. ओट्याखालची मांजर पळाली.

१२ मार्च, मंगळवार

तोपुझोवना कल्पना ऐकवली. ते खुर्चीतून उठले.

"मानेला भाषांतर लागत नाही," मी म्हटलं.

"हे वाक्य लिहून ठेवा, बाई. हेच आपलं घोषवाक्य."

त्यांनी एकच अट घातली. फिल्म पाठवेपर्यंत कुणाला दाखवायची नाही, गोदामातल्या पोरांनाही नाही. कामेन्ग्रादवाल्यांनी मागच्या वर्षी आमचा भोपळा महोत्सव चोरला होता, आम्ही जाहीर केल्यावर दोनच दिवसांत. म्हणून चित्रीकरण स्पास करणार आणि तुकड्यांची जुळणी त्याच्याच घरी, पडदे ओढून होणार. स्पास लग्नांच्या फिल्म करतो. अख्ख्या शहराच्या लग्नांत रडणाऱ्या सासवा त्यानंच टिपल्या आहेत.

१५ मार्च, शुक्रवार

सदतीस माणसं झाली. तीन प्रश्न होते. इथे कंपनी काढावी का? इथले लोक मदतीला येतात का? पाच वर्षांनी तुम्ही इथेच असाल का?

काय सांगू, ऊर भरून आला. एकामागून एक माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि मान हलवतो. डावी-उजवी, डावी-उजवी. ट्रॅक्टरचा खेळ बनवणाऱ्या जुळ्या भावांनी तर एकाच वेळी, एकाच लयीत हलवली. महापौरांनी इतक्या जोरात हलवली की चष्मा उडाला. तेही ठेवायचं, असं स्पास म्हणाला. त्याला मधे कबुतरंही उडवायची होती, ती मी नाकारली.

एकट्या बोंचोकाकांनी गडबड केली. पाच वर्षांनी इथे असाल का, म्हटल्यावर त्यांनी मान झटक्यात वर केली आणि टक् केलं.

"काका!"

"अगं, सत्तरी उलटलेली असेल माझी. इथे कसा असेन? डोंगरावर असेन, तुझ्या काकूच्या शेजारी." आमची दफनभूमी डोंगरावर आहे.

मी तो तुकडाही ठेवायचा ठरवला. सगळेच हो म्हणाले तर कोण विश्वास ठेवेल? एक प्रामाणिक 'नाही' असलं की बाकीचे 'हो' खरे वाटतात. जाहिरातीतलं मला आता बरंच कळायला लागलं आहे.

रालीचं चित्रण मी नव्हते तेव्हा झालं. मला ब्रास बँडवाल्यांचा फोन आला होता.

१९ मार्च, मंगळवार

स्पासकडे बसून जुळणी केली. त्याच्या आईनं पडदे ओढले आणि सूर्यफुलाच्या बिया आणून दिल्या.

रालीचा तुकडा आला. तिनं केस बांधले होते. पडद्याबाहेरून स्पास विचारतो, पाच वर्षांनी इथेच असाल का? ती सरळ कॅमेऱ्यात बघते. मग मान वर-खाली करते. दोनदा. शांतपणे, थोडं हसून.

"हिचाही 'नाही' ठेवायचा का, ताई? काकांसारखा?" स्पासनं विचारलं.

रालित्साचा तुकडा वगळला. प्रकाश नीट नव्हता.

संध्याकाळी गोदामावरून गेले. खरं तर तो माझा रस्ता नाही. राली कुलूप लावत होती.

"जायचं असेल तर जा," मी म्हटलं. असंच म्हणायचं ठरवून गेले नव्हते.

"कुठे जा?"

"उत्रेख्तला. मला सगळं दिसतं. एक मे ना? मी काही अडवायची नाही. तुझ्या बाबांनाही नव्हतं अडवलं."

"आई, पत्र येणं आणि जाणं यात काही फरक—"

"जा म्हटलं ना. गोदाम वाचलं काय आणि न वाचलं काय, तुझं तर ठरलंय. निदान हसून नको सांगूस."

"मी कधी हसून सांगितलं?"

मी कुलूप ओढून बघितलं, लागलं होतं. ती म्हणाली, "बरं. जा म्हणतेस तर जाते." आणि सायकलवर बसून गेली. तिनं दिवा लावला नव्हता. मी ओरडून सांगितलं, पण ती लांब गेली होती.

२५ मार्च, सोमवार

फिल्म पाठवली. चर्चच्या मनोऱ्यावर करकोचा दिसला, म्हणून रिवाजाप्रमाणे मनगटावरचा वसंताचा दोरा सोडून जर्दाळूच्या फांदीला बांधला. राली फोन उचलत नाही.

२ एप्रिल, मंगळवार

आज संघानं सगळ्या शहरांच्या फिल्म इंटरनेटवर टाकल्या. दुपारपर्यंत कामेन्ग्रादची फिल्म दोनशे बारा जणांनी पाहिली (ड्रोनमधून दिसणारी गवताची कुरणं आणि एक मुलगी धावतेय. कुठे धावतेय ते कळत नाही). आमची चाळीस हजारांनी पाहिली.

४ एप्रिल, गुरुवार

सहा लाख! तोपुझोव दर तासाला खोलीत येतात, आकडा बघतात आणि एक करंडक उचलून परत ठेवतात.

लोकांनी खाली लिहिलेलं मी भाषांतराच्या यंत्रात घालून वाचतेय. 'इतकं प्रामाणिक शहर जगात दुसरं नसेल.' 'बघताना अश्रू आले.' 'महापौरांचा चष्मा!!!' 'मी लगेच इथे राहायला येतोय.' 'मिरचीवाले आजोबा मात्र हटत नाहीत, सलाम.' हे शेवटचं यंत्रानं बिघडवलं असावं, कारण काकाच तर एकटे नाही म्हणाले. हसणारे पिवळे चेहरे फार आहेत. आनंदाचेच असणार.

गोदामातली पोरंही रस्त्यात थांबवून हात मिळवतात. जुळ्यांपैकी एक म्हणाला, "ताई, कसलं डोकं चालवलंत! आम्हाला जराही सुगावा लागू दिला नाहीत." दुसरा म्हणाला, "सरकारी कचेरीत इतकी हिंमत असते, हे माहीत नव्हतं." मी म्हटलं, त्यात हिंमत कसली, जे आहे ते दाखवलं. तर दोघं एकमेकांकडे बघून आणखी हसले. मला वाटतं हल्लीच्या मुलांना साधेपणाची सवय राहिलेली नाही.

९ एप्रिल, मंगळवार

निवडलं! आम्हाला निवडलं! पत्रात लिहिलं आहे, 'तुमच्या निर्भय विनोदबुद्धीचं कौतुक करावं तेवढं थोडं.' फिल्ममध्ये एकही विनोद नाही. कबुतरंसुद्धा मी काढायला लावली. पण पत्र डेन्मार्कच्या बाईंनी लिहिलं आहे, तिथे 'विनोदबुद्धी'चा अर्थ वेगळा होत असेल.

बोंचोकाकांच्या यंत्राला सत्तर ठिकाणांहून मागणी आली आहे. आइसलँडमधूनसुद्धा. तिथे मिरची कुठून आणणार, म्हटलं. ते दुसऱ्या टप्प्यात, म्हणाले.

रालीला निरोप पाठवला की आपण निवडले गेलो. तिचं उत्तर आलं: 'अभिनंदन.' एकच शब्द. तोही मानेनं सांगता आला असता.

१७ एप्रिल, बुधवार

आता जे लिहायचं आहे ते नीट क्रमानं लिहिते.

पाहुणे तिघं आले. मुख्य त्या डेन्मार्कच्या सिग्ने नावाच्या बाई, उंच, रबरी बूट घातलेल्या. तोपुझोवनी दुभाषी म्हणून रालित्सालाच बोलावलं होतं, तिच्याइतकं इंग्रजी कुणाला येतं? आम्ही एकोणतीस दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो. ती माझ्यासमोर बसली. बारीक दिसली. खात नसणार.

गोदाम बघून झालं. बाई प्रत्येकाशी बोलल्या, मधमाश्यांचा डबा कानाला लावून पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग नगरसभेच्या दालनात सगळे बसलो. आमचे बारा सभासद, महापौर आणि मी. भिंतीशी फर्निचरवालाही येऊन बसला होता, त्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे. सिग्नेबाई उभ्या राहिल्या. राली सांगत गेली.

"बाई म्हणतात, आम्हाला शहर आवडलं. आमच्या संघाचा वार्षिक मेळावा पुढची तीन वर्षं इथेच, या गोदामात भरवावा असं आम्हाला वाटतं. तीनशे लोक येतील. तुम्हाला हवंय का?"

तोपुझोवच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान हलवली, डावी-उजवी, जोरात. चष्मा त्यांनी आधीच हातात धरला होता. मीही हलवली. बाराच्या बारा सभासदांनी हलवली, अगदी सोफेवाल्यांनीही. अख्खं दालन मान हलवत होतं.

सिग्नेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या दोन सोबत्यांकडे बघितलं, काहीतरी हळू बोलल्या आणि समोरची फाइल मिटली. मग पर्स खांद्याला लावली.

"काय झालं?" महापौरांनी विचारलं आणि पुन्हा मान हलवली, आणखी जोरात. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

राली उठली. दोन्ही हात हवेत धरून तिनं इंग्रजीत भराभर काहीतरी सांगितलं. बाई थांबल्या. आधी तोंड उघडं राहिलं, मग त्या पोट धरून हसायला लागल्या, सोबतच्या आयरिश माणसानं टेबलावर डोकं ठेवलं. आम्ही सगळे टकामका बघत होतो. मग राली आमच्याकडे वळून आमच्या भाषेत म्हणाली, "साहेब, आता तोंडानं हो म्हणा. तुमची मान त्यांना 'नाही' वाटली. आपल्याकडचा हो बाहेर नाही असतो, आणि नाही म्हणजे हो."

"डच लोकांत," मी म्हटलं.

"सगळीकडे, आई," ती म्हणाली. "जवळजवळ सगळ्या जगात."

महापौर तोंडानं हो म्हणाले, सात-आठ वेळा. टाळ्या पडल्या. सिग्नेबाईंनी मग मला काहीतरी विचारलं, बोट माझ्याकडे होतं.

"त्या विचारतायत, म्हणजे फिल्मसुद्धा...?" रालीनं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही, पण तिनं तो पाहिला. तिचे डोळे मोठे झाले. मग ती शांतपणे बाईंकडे वळून इंग्रजीत बोलली. त्यात मला 'माझी आई' एवढंच कळलं. बाईंनी पुढे येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला.

नंतर तोपुझोवनी सांगितलं, त्यांना त्या आयरिश माणसानं खाणाखुणांनी समजावलं होतं. राली म्हणाली होती, फिल्म अर्थातच मुद्दाम केली. माझ्या आईच्या डोक्यातून निघाली.

म्हणजे आठ लाख लोकांनी पाहिलं की बेलोब्रेगमध्ये इथे कंपनी काढा असं कुणीही म्हणत नाही, मदतीला कुणी येत नाही, आणि पाच वर्षांनी इथे राहायला फक्त बोंचोकाका तयार आहेत. वर मी लिहिलं आहे, मानेला भाषांतर लागत नाही. पाटी अजून डावीकडे कललेली आहे, तिच्याकडे बघवत नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

सकाळी उठल्या उठल्या कळलं. दात घासत होते. ब्रश हातातून पडला.

स्पासकडे गेले. तो तुकडा लावायला सांगितला. स्पास अजून न्याहारी करत होता. राली सरळ कॅमेऱ्यात बघते. मान वर-खाली करते. दोनदा. थोडं हसून.

ती कॅमेऱ्याशी बोलत होती. कॅमेऱ्यापलीकडे जग होतं. हे सदतीस माणसांत तिच्या एकटीच्याच लक्षात आलं होतं. मी तिची आई, मला तिचा हो कळला नाही. काकांचा नाही मी कौतुकानं ठेवला आणि पोटच्या पोरीचा हो कापून फेकला, वर तिला जा म्हणून सांगितलं. प्रकाश चांगला होता. खिडकीतून ऊन येत होतं.

अकरा वेळा पाहिला. स्पासच्या आईनं बिया आणून ठेवल्या.

फोन हातात घेतला, ठेवला. विचारलं तर उत्तर मिळेल, म्हणून विचारत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

गोदामावर मतदान झालं. अध्यक्षांनी आधीच जाहीर केलं, कुणीही मान हलवायची नाही, हात वर करायचे. आठ विरुद्ध चार. गोदाम पोरांकडे राहिलं, तूर्त मेळाव्याची तीन वर्षं. फर्निचरवाल्यानं मेळाव्यासाठी तीनशे खुर्च्या भाड्यानं द्यायची तयारी दाखवली, तीही लगेच मंजूर झाली.

राली मागच्या रांगेत उभी होती. मी वळून बघेपर्यंत गेली. मी जिंकले आहे असं सगळे म्हणतात. एक मेला आठ दिवस आहेत.

२८ एप्रिल, ईस्टर

ती येईल असं वाटलं नव्हतं, तरी दोघींपुरती अंडी रंगवली होती. दहा वाजता बेल वाजली. हातात कोझुनाक होता, ईस्टरचा गोड पाव, विकतचा.

रिवाजाप्रमाणे दोघींनी अंड्यावर अंडं आपटलं. माझं फुटलं.

"सिग्नेबाईंना खोटं का सांगितलंस?" मी विचारलं. कुठून तरी सुरुवात करायची होती.

"मला खरंच वाटत होतं तू मुद्दाम केलंस. पंधरा दिवस गोदामात छाती फुगवून फिरत होते. तुझ्यावर रागावले होते, तरी. मग त्या दिवशी तुझा चेहरा पाहिला."

"तुझा तुकडा मी कापला."

"दिसलं ना ते. वाटलं, सगळे नाही म्हणतायत, त्यात माझा एकटीचा हो विनोद बिघडवेल."

"प्रकाश नीट नव्हता," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही. प्रकाश ठीक होता. मला वाटलं तू जाणार म्हणालीस. ते मला बघवलं नाही, राली."

ती बराच वेळ अंड्याचं टरफल सोलत बसली. एवढंसं अंडं, त्याला किती टरफल असतं.

"तू जा म्हणालीस ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. उत्रेख्तहून, त्या नोकरीच्या पत्रवाल्यांचा, व्हिडिओवर. येतेयस ना, म्हणाले. मी इतकी चिडले होते तुझ्यावर की तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते. नुसती मान हलवली. जोरात."

"कशी हलवली?"

"तुझ्यासारखी." तिनं दाखवली. डावी-उजवी. "चिडले की माझी मान इथलीच होते. ते म्हणाले, वाईट वाटलं, तुला शुभेच्छा, आणि फोन ठेवला."

मला हसू आवरेना. तीही हसायला लागली. हसता हसता मी डोळे पुसले, कांदा नव्हता तरी.

"मग पुन्हा फोन करायचा ना. तो हो होता म्हणून सांगायचं."

"हातात घेतला होता," ती म्हणाली. "मग ठेवला."

हे फोन हातात घेऊन ठेवणं माझ्याकडूनच आलं असणार. मी कोझुनाक कापला, विकतचा असून बरा होता. तिनं मोठा घास घेतला, लहानपणी घ्यायची तसा, गाल फुगवून. मला विचारायचंच होतं, आणि आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही हेही ठाऊक होतं.

"म्हणजे राहणार आहेस ना?"

तोंड भरलेलं होतं. तिनं मान हलवली. डावी-उजवी.

कुठली मान आहे ही, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. तिच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला. तिनं तो खाल्ला.